काळीचे कागद आणि पांढरीची गणती

लहानशा खेड्याचा इतिहास लिहिणें हें राज्याचा इतिहास लिहिण्यापेक्षां सोपें, असा एक समज आहे. वस्तुतः तें अधिक अवघड होय. राज्याच्या इतिहासांत एक पत्र खोटें ठरलें तर दुसरीं दहा पत्रें त्याची जागा भरून काढतात. खेड्याच्या इतिहासांत एका यादीचा अर्थ चुकला कीं सारी इमारतच ढांसळते. याचें एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें परीक्षणार्थ ठेवीत आहों.

पुणें येथील शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं कांहीं सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. दक्षिणेंतील एका खेड्याची इतकी बारकाईनें केलेली तपासणी त्यापूर्वीं विरळाच. गांवांत १५६ जमीनधारक, त्यांच्याकडे जमिनीचे ७२९ तुकडे, त्यांपैकीं ४६३ तुकडे एकरापेक्षां लहान व ११२ तर पाव एकराहूनही लहान, असा तपशील त्यांनीं दिला. आज हा गांव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून जुन्या वावरांच्या जागीं बहुमजली घरें उभीं आहेत. त्यामुळें या ग्रंथाची योग्यता कमी न होतां वाढलीच आहे. प्रस्तुत टीका त्या श्रमांवर नाहीं. त्यांतून काढलेल्या एका अनुमानावर आहे.

डॉ. मॅन यांच्या हिशेबाप्रमाणें या गांवीं प्रत्येक धारकाकडील जमीन सरासरीनें १७७१ सालीं ४० एकर होती; १८१८ सालीं ती १७॥ एकर झाली, १८२० ते १८४० या काळांत १४ एकर व १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. हे चार आंकडे पुढें फार फिरले. रजनी पाम दत्त यांनीं १९४० सालच्या ‘इंडिया टुडे’ या ग्रंथांत मॅन यांच्या या पाहणीचा आधार घेतला आहे. माणसें वाढलीं, जमीन तेवढीच राहिली, म्हणून वांटणी लहान झाली, असा अर्थ वाचकाच्या मनांत आपोआप उमटतो.

आमचा पहिला आक्षेप ‘धारक’ या शब्दाविषयीं आहे. १७७१ म्हणजे थोरल्या माधवरावांची कारकीर्द. तेव्हां इंग्रजी मोजणी नव्हती. अर्थात् तो आंकडा मराठी कागदांतील नांवें व बिघे यांवरूनच निघावयाचा. परंतु त्या कागदांतील एक नांव म्हणजे एक माणूस, किंवा एक चूलही, असें धरतां येत नाहीं. जुन्या गांवकागदांत ‘अमुक बिन अमुक’ या नांवापुढें ‘वगैरे भाऊबंद’ हे शब्द किती वेळां येतात, हें दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. आणि जेथें ते शब्द नाहींत तेथेंही वडील भावाच्या एका नांवाखालीं तीन-चार चुली नांदत असत. सरकारास वसूल हवा होता. घरांतील माणसें मोजण्याचें त्यास प्रयोजन नव्हतें. इंग्रजी अंमलांत खातेंवार नोंद आली आणि भाऊ वेगळे निघाले कीं त्यांचीं नांवेंही वेगळीं चढूं लागलीं. पहिल्या यादींतील थोरल्या घराण्याची तुलना शेवटच्या यादींतील एकेका इसमाशीं करणें म्हणजे वृक्षाची तुलना फांदीशीं करणें होय.

दुसरा आक्षेप खुद्द आंकड्यांतच आहे. ४० वरून १७॥ हा उतार ४७ वर्षांचा. १७॥ वरून ७ हा उतार सुमारें ९७ वर्षांचा. म्हणजे पहिल्या ४७ वर्षांत जमिनीची वांटणी सव्वादोन पटींहून अधिक झाली, व नंतरच्या दुपटीहून अधिक काळांत अडीच पट. आतां पहिल्या ४७ वर्षांत काय घडलें? १८०२ च्या आक्टोबरांत होळकरांनीं पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, मुलूख लुटला गेला, व पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. राजधानीच्या सान्निध्यानें आरंभीं कांहीं कुळें वाढलीं असतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु असल्या काळाच्या शेवटीं पुण्याच्या उंबरठ्यावरील खेड्याची वस्ती दुपटीहून वर गेली, हें मानण्यास स्वतंत्र पुरावा पाहिजे. घराणीं विभक्त झालीं, गतकुळ जमिनी उपऱ्यांस लावून दिल्या, किंवा यादी लिहिण्याची रीत बदलली, हीं कारणें अधिक संभवनीय दिसतात. शिवाय या उताराचा सारा दोष इंग्रजी राजवटीवर ठेवणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं त्याची पहिली व वेगवान पायरी पेशवाईंतलीच आहे.

तिसरी गोष्ट मापाची. वीस काठ्यांचा पांड व वीस पांडांचा बिघा हें कोष्टक सर्वांस ठाऊक आहे. पण काठी सर्वत्र सारखी नव्हती, आणि हलक्या जमिनीचा बिघा भारी जमिनीच्या बिघ्यापेक्षां मोठा धरण्याची चाल होती. कागदांतील बिघ्यांचे एकर करतांना ही चाल जमेस न धरल्यास चुकीस वाव राहतो.

सर्वांत महत्त्वाचें असें कीं, गांव म्हणजे काळी व पांढरी. काळीच्या कागदांत जमीन व वसूल यांचा हिशेब असतो. पांढरींत मात्र बलुतेदार असतात, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर असतो, बायकामुलें असतात; त्यांचा उल्लेख काळीच्या यादींत कोठून यावा? लोकसंख्येचा इतिहास लिहावयाचा तर पांढरीचे कागद पाहिजेत. डॉ. टॉमस कोट्स यांनीं लोणी गांवाचें वर्णन लिहिलें, तें १८२३ सालीं मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या निबंधसंग्रहांत छापलें गेलें. हा गांव म्हणजे पुण्याजवळील लोणीकंद. कोट्स यांनीं जमिनीबरोबर घरें, माणसें व लोकांची राहणीही पाहिली, म्हणूनच डॉ. घुर्ये यांस पुढें त्याच गांवाची पुन्हां पाहणी करून १९६० सालीं तेव्हांची व आतांची स्थिति शेजारीं शेजारीं मांडतां आली. पिंपळे सौदागरच्या १७७१ सालाविषयीं तशी तुलना केवळ धारकांच्या सरासरीवरून होणें नाहीं.

मग डॉ. मॅन यांच्या ग्रंथाचें काय उरतें? पुष्कळ उरतें. त्यांच्या वेळीं जमीन तुकडे तुकडे झाली होती, हें निर्विवाद सिद्ध आहे. कागदोपत्रीं धारकांचीं नांवें वाढत गेलीं, हेंही मान्य. परंतु माणसें त्याच प्रमाणांत वाढलीं, हें सिद्ध नाहीं. आणि नेमकें तेंच सिद्ध झालें असें मानून त्यावर पुढील विवेचन रचलें जातें.

यांत आम्हां संग्राहकांचाही दोष आहे, तो कबूल करून हा लेख संपवितों. एखाद्या पाटलाच्या घरचें दफ्तर हातीं आलें कीं आपण शिक्क्यामोर्तबाचे महजर, सनदा व निवाडे वेंचून घेतों. लावणीच्या याद्या, घरपट्टीचे बंद, पीकपाण्याचे तुकडे मात्र रद्दी म्हणून मागें ठेवतों. महजरावरून वतन कोणाचें तें कळतें. गांवांत माणसें किती होतीं, याचा माग लागला तर त्या रद्दींतच लागेल. आणि एका सालची यादी एकटी मुकी असते. लागोपाठच्या दहा सालच्या याद्या एकत्र असतील तरच एका नांवामागें किती चुली होत्या, याचा उलगडा होऊं शकेल. यास्तव यापुढें दफ्तर मिळेल तें फोडूं नये. रुमाल बांधलेला असेल त्याच क्रमानें ठेवावा, आणि घरपट्टीच्या फाटक्या बंदासही महजराइतक्याच आदरानें टिपणींत स्थान द्यावें.