भुकेची साक्ष

आपण ख्रिस्ती कसे झालो हे ख्रिस्ती माणूस चारचौघांत उभा राहून सांगतो, त्याला साक्ष म्हणतात. मराठी समीक्षेनं साक्षीला वाङ्मयात कधी धरलंच नाही. धर्मप्रचार म्हणून बाजूला सारलं, संपलं. आपली पोरंही तेच करतात. वस्तीतली एखादी बाई प्रार्थनेला जायला लागली की कट्ट्यावर शेरा ठरलेला : तांदळासाठी गेली. मित्रांनो, हा शेरा मुळात कुणाचा? धर्म सोडणाऱ्या गरिबाला डोकं नसतं, नुसतं पोट असतं, असं मानणाऱ्यांचा. तो आपल्या तोंडी शोभत नाही.

म्हणून मी पंडिता रमाबाईंचं लिखाण वाचायला घेतलं. दुष्काळाच्या आठवणी आणि १९०७ सालची साक्ष. दोन्ही मुळात इंग्रजी. माझं शिक्षण दहावीपर्यंत, त्यामुळं पाळी सुटल्यावर डिक्शनरी घेऊन वाचलं. प्रश्न एकच धरला होता. हालअपेष्टांनी श्रद्धा येते म्हणतात. येते का? आणि आली तर कसली येते?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. बाप अनंतशास्त्री डोंगरे, पुराणिक. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर ब्राह्मणांचा राग. सगळं कुटुंब देवळादेवळांतून पुराण सांगत हिंडायचं. १८७० नंतर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने विकले, भांडी विकली. जे होतं ते नवस, पूजा, ब्राह्मणभोजन यांत घातलं. देव काही पावला नाही. शेवटी रानात शिरले, झाडपाला आणि रानखजूर खाऊन राहिले. आधी बाप गेला, मग आई. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, उरलेला भार भावाबहिणीवर. रमाबाई ठेंगण्या, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली. मसणवटा काही मैल लांब.

हे वाचून कुणाच्याही पोटात कालवतं. पण मी अडलो ते दुसऱ्याच वाक्यापाशी. बाई लिहितात, आम्ही भीक मागायला आणि हलकं काम करायला लाजत होतो, पोट भरायची दुसरी विद्याही ठाऊक नव्हती. रानात सगळं संपल्यावर भाऊ म्हणतो, आता जातीचा ताठा सोडू आणि साध्या हमालासारखं काम करू.

म्हंजे पोट रिकामं, समोर काम, आणि मध्ये जात आडवी! आमच्या आज्या-पणज्यांनी मेलेलं ढोर ओढलं, खडी फोडली, सांगितलं ते काम केलं आणि तरी उपाशी झोपले. इथं हे कुटुंब काम जातीत बसत नाही म्हणून उपाशी. भूक एकच, पण तिचा जमाखर्च वेगळा. या लिखाणाचं मोठेपण असं की हा जमाखर्च बाईंनी स्वतः मांडला. दुष्काळावर आणि नशिबावर सगळं ढकलून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. आपल्या उपासात आपल्या जातीचा हात किती, हे लिहिणारं दुसरं ब्राह्मणी आत्मचरित्र मी तरी वाचलेलं नाही.

आता श्रद्धेकडं येतो. आईबाप मेले म्हणून त्या लगेच ख्रिस्ताकडं धावल्या, असं झालेलं नाही. तो मधला काळ नीट वाचा. भावाबरोबर त्या देशभर पायी फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याला गेल्यावर पंडिता, सरस्वती अशा पदव्या मिळाल्या. तिथं धर्मशास्त्रं वाचली. साक्षीत त्या सांगतात की या ग्रंथांचं आपसात कुठंच जमत नाही, पण बाई वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्ष नाही, यावर सगळ्यांचं एकमत. शूद्राचीही तीच गत. १८८० साली भाऊ गेला. त्याच साली जात मोडून बिपिनबिहारी मेधावींशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. १८८२ साली नवराही पटकीनं गेला. पदरात तान्ही मुलगी, वय तेवीस.

इतकं सोसलेलं माणूस कुठल्याही बुवाच्या पायाशी जाऊन बसलं असतं. बाईंनी तसं केलं नाही. १८८३ साली इंग्लंडात गेल्या. फुलहॅमला ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना सांभाळत होत्या, ते पाहिलं. असं का करता, विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरच्या शोमरोनी बाईची ती गोष्ट. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याचा व्यवहार ठेवत नसत. येशू तिच्याकडं पाणी मागतो. रमाबाईंना त्यात टाकलेली बाई दिसली. मला महाडचं तळं दिसलं, १९२७ चं. ज्याला ज्याची तहान, त्याला ग्रंथात ते पाणी सापडतं. दुःखानं श्रद्धा घडते म्हणतात ते इतपत खरं आहे : दुःख माणसाला वाचायची नजर देतं.

त्याच वर्षी वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पण पुढं गंमत बघा. मठातल्या भगिनींनी आमचं ऐका म्हटल्यावर बाईंनी ठणकावलं की एका पुरोहिताचं जू आत्ताच मानेवरून काढलंय, दुसऱ्याचं घालून घेणार नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या पत्रांतून भांडत राहिल्या. इकडं पुण्यात सनातनी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते, तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी. हे आपण विसरता कामा नये. आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ साली, त्या म्हणतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आत्ता मिळाला. तांदळासाठी गेलेलं माणूस तांदूळ मिळाल्यावर आठ वर्षं शोधत बसत नाही.

श्रद्धा खोल गेली की नाही, हे मी शब्दांवरून ठरवत नाही, कामावरून ठरवतो. १८८७ चं त्यांचं गाजलेलं पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर. १८८९ चं शारदा सदनही मुख्यतः तशाच विधवांसाठी. आमच्या बाया त्यात कुठं? हा आक्षेप घेतलाच पाहिजे. पण १८९६ पासून पुन्हा दुष्काळ पडला आणि बाईंना आपलं रान आठवलं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी बाया-पोरी घेऊन आल्या. केडगावला मुक्ती उभं राहिलं. १९०० पर्यंत तिथं दोन हजारांच्या आसपास माणूस होतं, आणि आता जात विचारायला वेळ नव्हता. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या इस्पितळात बायकांचे जे हाल झाले, त्यावर त्यांनी गोऱ्या सरकारलाही सुनावलं. सरकार ख्रिस्ती म्हणून सोडलं नाही.

तरीही साक्षीच्या भाषेशी माझं भांडण आहे. त्या भाषेत शेवटी सगळी देवाची योजना होते. उपास योजना, मरणं योजना. अशानं गुन्हेगार सुटतो. आमच्या चाळीतल्या एका मावशीच्या पोराची तीन बोटं मशीनमध्ये गेली. मालकानं भरपाई दिली नाही. मावशी प्रार्थनेला जाते. म्हणते, तिथं माझं पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणीतरी ऐकून घेतलं. हे ऐकून आपण शरमलं पाहिजे, कारण चळवळीच्या बैठकीत तिला बोलायला दोन मिनिटं मिळाली नव्हती. पण देवानं परीक्षा घेतली, असं ती म्हणते तेव्हा मशीनला जाळी नव्हती ही गोष्ट बुडते.

बामा ही तमिळ दलित लेखिका हे बुडू देत नाही. तिचं ‘करुक्कू’ १९९२ साली आलं. ती जन्मानंच ख्रिस्ती. गरीब पोरांची सेवा करायची म्हणून नन झाली. मठात पाहिलं तर सेवा पैसेवाल्यांच्या पोरांची आणि जात जशीच्या तशी. ती बाहेर पडली. नम्रता, आज्ञापालन, सोसणं यांचे धडे देणाऱ्यांच्या पुढं तिनं येशू उभा केला, गरिबांच्या बाजूनं बोलणारा. चर्च सोडताना तिला येशू जास्त कळला. रमाबाईंचं दुःख चर्चच्या दारापर्यंतचं, बामाचं दाराच्या आतलं. म्हणून तिची साक्ष आपल्याला जवळची.

आणि लालूच म्हणाल तर सरकारचा कागद बघा. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती धर्माला बांधल्या. आपल्याला, बौद्धांना, त्या १९९० साली मिळाल्या. दलित ख्रिस्त्याला आजही नाहीत. असलेली सवलत घालवून जो जातो, त्याला लालची म्हणायचं कुठल्या तोंडानं?

शेवटी माप आपलंच लावतो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारलंय : जगणंच दुःख असेल तर धर्म माणसाला आशा काय देणार? म्हातारा, आजारी, प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही गोष्ट त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं भांडण झालं, ते कारण दिलं. दुःखाला कारण असतं आणि कारणाला पत्ता असतो, हा त्याचा अर्थ. कुठल्याही धर्माची साक्ष वाचताना मी एवढंच बघतो. सोसलेलं माणूस कारणाचा पत्ता विचारतं का? रमाबाई शास्त्राला विचारतात, मठाला विचारतात, सरकारला विचारतात, देवाला मात्र विचारत नाहीत. बामा चर्चला विचारते.

आपल्याकडची पोरंही आता वेदना लिहितात, कवितेच्या कविता लिहितात. लिहा. पण दुःख नुसतं ओवाळू नका, त्यात पत्ता घाला. पत्ता नसलेलं दुःख कुठलाही पुरोहित उचलून नेतो, भगव्या कपड्यातला, पांढऱ्या झग्यातला, आणि आपल्या निळ्या स्टेजवरचासुद्धा.