फलकाखालची रांग

मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या १९३७ सालच्या या छायाचित्राचा वरचा मोठा भाग एका जाहिरात फलकानं व्यापला आहे. फलकावर एक मोटार, मोटारीत चौघांचं गोरं कुटुंब. वडील स्टिअरिंगशी, शेजारी आई, मागं दोन मुलं आणि त्यांच्यासोबत कुत्रा. सगळे प्रसन्न हसताहेत. माथ्यावर ठळक अक्षरांत ‘जगातलं सर्वोच्च राहणीमान’ आणि बाजूला वळणदार अक्षरांत ‘अमेरिकन पद्धतीला तोड नाही’ अशा अर्थाची वाक्यं. या फलकाच्या पुढ्यात, चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांची रांग उभी आहे. अंगात जाड कोट, डोक्यावर टोप्या, हातांत बादल्या, टोपल्या, पिशव्या.

विसंगती एका नजरेत कळते, आणि कळली की पान उलटावंसं वाटतं. पण हे छायाचित्र मोठं का आहे, ते पान न उलटता थांबणाऱ्यालाच उमगतं.

रांगेकडे नीट पाहू या. त्यातल्या कुणाचीच मान फलकाकडं वळलेली नाही. तो त्यांच्या पाठीशी आहे. कुणी पुढं बघतंय, कुणी खाली, एखाद-दुसरा थेट कॅमेऱ्याकडं. म्हणजे आपल्याला जी विसंगती खुपते ती त्या माणसांच्या नजरेच्या टप्प्यातच नाही. ती दिसते फक्त समोर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला, आणि तिच्या जागी आज उभ्या असलेल्या आपल्याला. रांगेतल्या माणसांचं लक्ष आपला नंबर कधी येतो याकडं आहे. त्यांना कुणाचा युक्तिवाद खोडून काढायचा नाही.

मग त्यांच्या हातांकडं बघावं. भांडी एकसारखी नाहीत. वाटपाच्या जागी मिळालेली ती नसावीत, ज्याची त्यानं घरून आणलेली असावीत. प्रत्येक बादलीमागं एकेक घर आहे, तिथं वाट बघणारी माणसं आहेत. फलकावर एकच कुटुंब आहे आणि ते सगळ्या देशाच्या नावानं हसतंय. खाली कितीतरी कुटुंबं आहेत आणि प्रत्येकाचा एकेकच माणूस चौकटीत आला आहे. रांगेची सुरुवात दिसत नाही, शेवटही दिसत नाही. दोन्ही कडांनी ती कापली गेली आहे, त्यामुळं किती लांब असेल याचा अंदाज आपण मनातच बांधत राहतो.

बर्क-व्हाइट यांनी फलक जवळजवळ समोरून टिपला. त्यामुळं फलक आणि रांग यांच्यातली जागा मिटली आणि दोन्ही एकाच पातळीवर आले. चित्रातली मोटार आता थेट या माणसांच्या डोक्यावरून पुढं येतेय असं वाटतं. फलकावर मोकळं आकाश आहे, मागं पसरलेला मुलूख आहे, हवी तेवढी खोली आहे. ती सगळी रंगवलेली. खऱ्या माणसांच्या वाट्याला मात्र चौकटीच्या तळाची एक चिंचोळी पट्टी आली आहे.

स्थळ केंटकी राज्यातलं लुईव्हिल. जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीला महापूर आला, शहराचा सुमारे ७० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि सुमारे १,७५,००० लोकांना घरं सोडावी लागली. ‘लाइफ’ साप्ताहिक तेव्हा जेमतेम दोन-तीन महिन्यांचं होतं. त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर बर्क-व्हाइट यांनीच टिपलेलं फोर्ट पेक धरण होतं. पुराच्या बातमीसाठी ‘लाइफ’नं त्यांनाच पाठवलं आणि हे छायाचित्र फेब्रुवारीत छापून आलं.

ते पुढं महामंदीतल्या बेकारांची रांग म्हणून इतक्यांदा छापलं गेलं, की पुराची गोष्ट मागंच पडली. ही माणसं पूरग्रस्त आहेत, मदतीसाठी उभी आहेत. यावर कुणी म्हणेल, मग फलकाचा खोटेपणा सिद्ध झाला कुठं? पूर काय कुणावरही येतो. मला उलट वाटतं. खरा संदर्भ कळल्यावर रांगेतली माणसं ‘गरिबी’चं प्रतीक म्हणून उभी राहत नाहीत. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत आपापल्या घरात नीट राहणारी, धड कोट घातलेली ती माणसं होतात. आणि वर्णाचा प्रश्न पुरानं पुसला जात नाही. पाणी गोऱ्यांच्याही घरात शिरलं होतं. पण केंटकी हे तेव्हा वर्णभेद पाळणारं राज्य होतं, आणि फलकावरच्या ‘अमेरिकन’ कुटुंबात रांगेतल्या कुणासारखा एकही चेहरा नाही. ही गोष्ट पूर येण्याआधीही खरी होती.

तो फलक लावला होता नॅशनल असोसिएशन ऑफ मॅन्युफॅक्चरर्स या कारखानदारांच्या संघटनेनं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा ‘न्यू डील’ हा मंदीनिवारणाचा कार्यक्रम आणि जोर धरू लागलेल्या कामगार संघटना यांच्याविरुद्ध लोकमत वळवण्यासाठी देशभर चालवलेल्या मोहिमेचा तो भाग होता. त्यात विकायला काढलेली वस्तू मोटार नव्हती, देश जसा चालला आहे तसाच चालू द्यावा हा विचार होता. याच मोहिमेचे फलक त्या काळात इतर छायाचित्रकारांनीही टिपले. डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या हायवेवरचा टिपला आहे. ती छायाचित्रं दस्तऐवज म्हणून मोलाची आहेत, पण समोर माणूस नसला की फलक नुसता फलक राहतो.

बर्क-व्हाइट यांनाच हे दिसावं याला कारण आहे. त्या स्वतः जाहिरातींच्या छायाचित्रकार होत्या आणि मोटारी, टायर यांची छायाचित्रं काढून उत्तम पैसे मिळवत होत्या. आत्मचरित्रात त्यांनी एक स्वप्न सांगितलंय : आपणच टिपलेल्या बुइक मोटारी तोंडं वासून आपल्या अंगावर धावून येताहेत. त्यानंतर त्यांनी जाहिरातींचं काम सोडायचं ठरवलं. लुईव्हिलच्या फलकावर त्यांना दिसली ती मोटारच, माणसांच्या डोक्यावरून पुढं येणारी. जाहिरातीचं हसू कसं बनवतात हे आतून ठाऊक असलेल्या बाईनं ते हसू एका खऱ्या रस्त्यावर नेऊन तपासलंय. आपण त्यांना ओळखतो ते चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींच्या १९४६ च्या छायाचित्रामुळं. त्याआधी त्यांना सूत कातायला शिकावं लागलं होतं, ही हकिकतही आपल्याकडं अनेकांना ठाऊक आहे. तिथंही वस्तू पुढं आणि माणूस मागं आहे, पण त्या चरख्याशी त्या माणसाचं नातं आहे. लुईव्हिलच्या मोटारीशी रांगेचं काहीच नातं नाही.

फलकाजवळ माणसं असलेलं एक छायाचित्र लँग यांचंही आहे. ‘टुवर्ड लॉस एंजेलिस’ हे ते छायाचित्र मार्च १९३७ चं, म्हणजे त्याच मोसमातलं. रस्त्याच्या कडेच्या मातीतून दोन माणसं सामान घेऊन चालली आहेत, आपल्याकडं पाठ करून. उजवीकडं सदर्न पॅसिफिक रेल्वेचा फलक : खुर्चीत रेलून बसलेला गृहस्थ, आणि मजकूर ‘पुढच्या वेळी रेल्वेनं जाऊन बघा, आराम करा’ या अर्थाचा. त्या काळात हजारो बेकार माणसं मालगाड्यांवर चोरून चढून गावोगाव काम शोधत होती, हे लक्षात घेतलं की फलकावरचा सल्ला फार जड होतो. या रस्त्यावरून चालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी रेल्वेनं जाऊन बघितलेलं असेल. पण लँग ते ठासून सांगत नाहीत. फलक एका बाजूला ठेवून त्यांनी चित्राचा मोठा भाग रस्ता आणि आकाश यांना दिला आहे. किती चालायचं बाकी आहे ते त्या रिकाम्या जागेतून कळतं. दोन्ही छायाचित्रांपैकी मला लँग यांचं अधिक जवळचं वाटतं. बर्क-व्हाइट यांचं चित्र आपल्याला जागच्या जागी थांबवतं, लँग यांचं त्या दोघांच्या मागून चालायला लावतं.

जाहिरात आणि वाटसरू यांचा मेळ दर वेळी संघर्षाचाच असतो असं नाही. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९३२ च्या पॅरिसमधल्या प्रसिद्ध छायाचित्रात साचलेल्या पाण्यावरून झेप घेणारा माणूस आहे आणि मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये झेपावणारी नर्तकाची आकृती. तिथं पोस्टर त्या माणसाला साथ देतं. दोन झेपांची ती लय बघून निखळ आनंद होतो.

आता मुंबई-पुण्यात होर्डिंगखालचा माणूस टिपणं सोपं झालं आहे. टॉवरमधल्या फ्लॅटच्या जाहिरातीखाली झोपलेला मजूर, दागिन्यांनी मढलेल्या नटीखाली भाजी विकणारी बाई : मोबाइल उचलला की चित्र तयार. यातली पुष्कळ छायाचित्रं मला अस्वस्थ करतात, कारण त्यांत माणूस फक्त फरक दाखवायच्या कामी आलेला असतो. त्याचा चेहरा झाकून टाकला तरी छायाचित्राचं काही बिघडत नाही. लुईव्हिलच्या रांगेतला एकही चेहरा झाकून बघा, चित्र उणं होतं.

१९७५ साली गायक कर्टिस मेफील्ड यांच्या ‘देअर्स नो प्लेस लाइक अमेरिका टुडे’ या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी हीच रचना रंगांत पुन्हा चितारली गेली. वर मोटारीतलं कुटुंब, खाली रांग. कृष्णवर्णीय गायकानं चाळीस वर्षांपूर्वीची ती रांग आपल्या काळात आणून उभी करावी, यात मोठी जिद्द आहे आणि मुखपृष्ठ म्हणून ते जोरकसही आहे. पण चित्रात फलकही कुंचल्यानं काढलेला आणि रांगही कुंचल्यानंच. लुईव्हिलमध्ये मोटारीतलं कुटुंब तेवढं रंगवलेलं होतं. त्याच्याखालच्या माणसांना थंडी वाजत होती.