कनेक्टर निवडताना मी चुकीचा आकडा वाचत होते

माझ्या संशोधनात जमिनीतला ओलावा मोजणारी यंत्रं शेतात ठेवावी लागतात. मागच्या वर्षी पैठण रोडवरच्या एका शेतातून चार दिवसांचा डेटा आणायला गेले, तर नोंदी पहिल्याच रात्री थांबलेल्या. सेन्सर ठीक, प्रोग्राम ठीक. डबा मोटरसायकलवरून नेताना हादऱ्यांनी बोर्डवरची यूएसबीची वायर सैल झाली होती. एवढंच!

मी वापरली होती साधी बर्ग स्ट्रिप. टेबलावरच्या प्रयोगाला ती उत्तम, पण वायर धरून ठेवतं ते नुसतं घर्षण. शिवाय ती उलटीही बसते, म्हणजे 5 व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल व्हायला एक डुलकी पुरे.

मग डेटाशीट उघडली. मायक्रो यूएसबी 10,000 वेळा काढ-घाल सोसतं, साधं टाइप-ए 1,500 वेळा. आकडा बघून आपण मायक्रो घेतो. पण तो आकडा सरळ काढण्या-घालण्याचा आहे. वायर आडवी ओढली तर काय, हे तो सांगतच नाही. सॉकेट नुसतं बोर्डच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेलं असेल, तर तांब्याच्या पॅडसकट उचकटतं. आरपार जाणारे पाय असलेलं सॉकेट घ्या.

टाइप-सी? चांगलं आहे, पण मूळ रचनेत लॉक नाही. स्क्रूने आवळायच्या प्रकारासाठी 2016 मध्ये वेगळं मानक काढावं लागलं, यातच सगळं आलं.

ड्रोनवाले हा धडा आधीच शिकलेत. पिक्सहॉक या उड्डाण-नियंत्रक बोर्डवर आधी हिरोसेचे डीएफ13 कनेक्टर होते, नंतर खटका असलेले जेएसटी जीएच आले. दोन्हींत पिनांचं अंतर 1.25 मिलिमीटरच. जागा तेवढीच, पकड वेगळी.

मी सध्या डब्याच्या आत चार पिनांचा रिलिमेट वापरतेय. उलटा बसत नाही आणि आपल्याकडे सहज मिळतो. पण त्याचेही दोष आहेत. यूएसबीच्या प्लगमध्ये पॉवरच्या पट्ट्या लांब असतात, म्हणून आधी पॉवर जोडली जाते, मग डेटा. रिलिमेटमध्ये तो क्रम नाही, त्यामुळे सप्लाय चालू असताना तो काढू-घालू नये. डेटाच्या दोन वायरींचा पीळही कनेक्टरच्या अगदी जवळपर्यंत ठेवावा. माझं काम 12 मेगाबिटवर भागतं. 480 च्या वेगाला मात्र 90 ओहमचा हिशेब सांभाळावा लागतो, तिथे रिलिमेटवर मी भरवसा ठेवणार नाही.

आणि पक्का लॉक म्हणजे सगळं झालं, असंही नाही. कनेक्टर सुटला नाही की ओढ थेट क्रिंपवर किंवा सोल्डरवर येते. म्हणून वायर आधी डब्याला केबल टायने बांधायची, मग कनेक्टरमध्ये घालायची. गेलेल्या तीन रात्रींचा ओलावा आता कुठूनही मोजून मिळणार नाही. टायला खर्च किती? एक-दोन रुपये.