विसरल्यावर परत येणं

आमच्या घरात सकाळच्या प्रार्थनेला ‘शांत वेळ’ म्हणतात. संडे स्कूलमध्ये असताना मला त्यासाठी एक वही मिळाली होती. शास्त्रभाग वाचला, प्रार्थना केली, की त्या दिवसाच्या चौकटीत खूण करायची. पहिला महिना खुणा ओळीने पडल्या. मग एक चौकट रिकामी राहिली, मग तीन, आणि मग मी वहीच उघडेनासा झालो. देवावर माझा राग नव्हता. त्या रिकाम्या चौकटींची लाज वाटायची. कॉलेजात प्रार्थना सुटली ती या लाजेपायीच.

त्यामुळे ब्रदर लॉरेन्सचं ‘द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड’ पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी वैतागून बाजूला ठेवलं. माझी वही दिवसाला एकच खूण मागत होती, हे पुस्तक क्षणाक्षणाला मागत होतं.

पुस्तक छोटं आहे, एका बैठकीत संपतं. त्याचा नायक निकोला हेर्मान, लॉरेन प्रांतातल्या गरीब घरचा. तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाई होता, तिथल्या जखमेमुळे पुढे आयुष्यभर लंगडत चालला. 1640मध्ये पॅरिसच्या कार्मेलाइट मठात आला. शिक्षण नव्हतं, म्हणून धर्मगुरू न होता ‘ब्रदर’च राहिला आणि स्वयंपाकघरात नेमला गेला. ते काम त्याला मुळातच नावडतं होतं. तरी पंधराएक वर्षं त्यानं ते केलं, नंतर मठातल्या चपला दुरुस्त केल्या. 1691मध्ये तो वारला. त्याचं म्हणणं एवढंच, की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ वेगळी नसते. ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमाखातर.

या पुस्तकाची ओळख बहुतेकदा इथंच थांबते. भांड्यांच्या खणखणाटातही शांत असलेला संत. प्रवचनात ऐकायला छान वाटतं.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना पेज भरवणं, कूस बदलणं, चादरी धुणं, यात दिवस-रात्र एक झाले. शांत वेळ तर सोडाच, सलग अर्धा तास मिळत नव्हता. अशाच एका रात्री तीन वाजता मोबाइलवर हे पुस्तक पुन्हा उघडलं, आणि पहिल्या वेळी नजरेतून निसटलेल्या जागा दिसल्या. हा माणूस सांगतो, की पहिली दहा वर्षं त्याला फार जड गेली. चार वर्षं तर आपला नाश ठरलेलाच आहे अशी त्याची खात्री होती. मन भटकतं हेही तो कबूल करतो. भटकलं की तो चूक मान्य करतो, तिच्यावर कुढत बसत नाही आणि पुन्हा देवाकडे वळतो. अखंड भान हे या पुस्तकाचं ध्येय असेल. मला मात्र त्याचा खरा विषय परत येणं हाच वाटतो. माझ्या वहीत त्यासाठी चौकट नव्हती.

म्हणून पुस्तक निर्दोष ठरत नाही. ते लॉरेन्सनं लिहिलेलंच नाही. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूनं त्याच्याशी झालेल्या बोलण्याची टिपणं ठेवली, त्यातली पहिली भेट 3 ऑगस्ट 1666ची. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर पत्रांसह ती छापली. म्हणजे आपल्याला स्वयंपाकघर दिसतं ते पाहुण्याच्या नजरेतून. धूर, चटके, दुखणारा पाय हे जवळजवळ नाहीच. इथं मला जनाबाई आठवते. तिच्या अभंगांत विठोबा स्वतः दळू लागतो, कामाला हात लावतो. लॉरेन्सचा देव सोबत असतो, पण काम लॉरेन्सच करतो. आणि जनी स्वतःच्या तोंडाने बोलते, मध्ये कुणी बोफोर नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तीस वर्षं पोळ्या लाटताना मी प्रार्थना करतेय. माझी मुलाखत घ्यायला कुणी आलं नाही.” या पुस्तकावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. मठात जाणं लॉरेन्सनं स्वतः निवडलं होतं. ज्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर न विचारता आलं, त्यांना हे पुस्तक वाचायला देताना जरा थांबावं.

तरी मी ते जवळ ठेवलंय. अठराव्या वर्षी लॉरेन्सनं हिवाळ्यातलं एक निष्पर्ण झाड पाहिलं आणि याला पुन्हा पालवी फुटेल या विचारानं तो देवाकडे वळला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना वेल आणि फांद्यांचं उदाहरण देऊन आपल्यात राहायला सांगतो. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेली द्राक्षबाग पाहिली असेल, तर या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतील. नुसती खोडं आणि ओलांडे. बाग मेली असं कुठलाही बागायतदार म्हणत नाही.

बाबांची जीभ अजून जड आहे. रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना ते मध्येच अडकतात. मी पुढचा शब्द देतो, ते पुन्हा सुरू करतात. कधी मीच पेंगतो. मग ते माझा हात दाबतात.