मुकादमाला परवाना, पण कुणाच्या भल्यासाठी?



कराडात ऊसतोडीच्या मुकादमावर बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं. समोर बसलेल्यांत ऊस उत्पादक आहेत. काहींच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे, आणि त्या ट्रॅक्टरवर कर्ज आहे. मुकादमाने पैसे उचलले आणि दसरा उलटला तरी टोळी आलीच नाही, हा अनुभव इथे कुणाला समजावून सांगायला नको. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांत अशा फिर्यादी हंगामाहंगामाला दाखल होतात. त्यातूनच एक मागणी जोर धरतेय: मुकादमांची नोंदणी करा, त्यांना परवाना द्या, आणि फसवणूक केली की परवाना रद्द करा.

ही मागणी चुकीची आहे असं आम्ही म्हणणार नाही. चहाची टपरी टाकायची तरी नगरपालिकेत खेटे घालावे लागतात. इथे बीड, जालना, अहिल्यानगर, आपल्याच सांगलीतला जत, अशा भागांतून लाखो माणसं हलवणारा धंदा बिनपरवाना चालतो. नियमन हवंच. आमची तक्रार वेगळी आहे. आज ही मागणी ज्या रूपात मांडली जाते, त्या रूपातला परवाना उचलीचं रक्षण करेल. कोयत्याचं करणार नाही. हे आम्ही का म्हणतो ते जरा सविस्तर बघू.

आधी पैशाची वाट बघा. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो तो वाहनमालकाशी. वाहनमालकाला रक्कम मिळते, बहुतेक वेळा कारखान्याच्या हमीवर बँकेचं कर्ज म्हणून. वाहनमालक मुकादमाला पैसे देतो. स्टॅम्प पेपरवर नोटरी होते, कोरे चेक घेतले जातात. मुकादम गावात जाऊन जोडप्याला उचल देतो. तिथे बहुधा कागदही नसतो, असलाच तर वही मुकादमाची. चार हात झाले. पहिल्या आणि शेवटच्या हातामध्ये एकही करार नाही. ज्याच्यासाठी ऊस तुटतो तो कारखाना आणि जो तोडतो तो मजूर, हे कायद्याच्या कागदावर एकमेकांना ओळखतच नाहीत.

पण पैशाच्या हिशोबात मात्र चांगलेच ओळखतात. आपल्या उसाच्या बिलातून एफआरपी देताना तोडणी-वाहतूक खर्च वजा होतो, हे तुम्हाला माहीत आहे. टनाला किती कापले ते कारखान्याला रुपया-पैशात माहीत असतं. काट्यावर प्रत्येक खेपेची पावती निघते: गट कुठला, शेतकरी कोण, वाहन कुठलं, टोळी कुठली. म्हणजे मजुरीचा आकडा माहीत, टोळीचा नंबर माहीत, फक्त माणूस माहीत नाही.

आता त्या माणसाचा हिशोब मांडू. जानेवारी 2024 मध्ये जो करार झाला, त्यात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली. डोकी सेंटरचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला. मुकादमाचं कमिशन 19 टक्क्यांवरून 20 टक्के झालं. एक कोयता, म्हणजे नवरा आणि बायको मिळून, दिवसाला साधारण दोन टन तोडतो. पहाटे कोपीतून निघायचं, थंडीत फडात शिरायचं, तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. त्याचे दोघांना मिळून 732 रुपये.

समजा या जोडप्याने एक लाख उचल घेतली. ती फेडायला 273 टन तोडावे लागतात, म्हणजे 137 दिवस, एकही खाडा न करता. गाळप शंभर दिवसांत उरकलं तर? 200 टन, 73,200 रुपये. अंगावर बाकी 26,800. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं भाग पडतं. दुखणं-खुपणं आलं, पाऊस पडला, कारखाना दोन दिवस बंद राहिला, तर हिशोब आणखी बिघडतो. पोट भरायला वाढे विकून चार पैसे येतात तेवढेच. आणि तरी हा हिशोब जोडप्याचा आहे. त्यातल्या बाईचा वेगळा हिशोब कुणीच ठेवत नाही, कारण नाव नवऱ्याचं, उचल नवऱ्याच्या हातात.

2019 मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. त्या वेळच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागे कारणं अनेक आहेत, डॉक्टरांपासून गरिबीपर्यंत. पण ज्या कामात एक दिवस बसणं म्हणजे अंगावरची बाकी वाढणं, त्या कामाचा यात काहीच वाटा नाही असं कोण म्हणेल?

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे कायदे नव्हते असं नाही. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा होता. त्यात कंत्राटदाराला परवाना घ्यावाच लागायचा. पण तो 20 किंवा जास्त कामगार असतील तर, आणि महाराष्ट्राने पुढे ही मर्यादा 50 वर नेली. आता एका टोळीत कोयते किती? दहा-पंधरा. माणसं वीस ते तीस. मुकादम अलगद कायद्याच्या बाहेर. दुसरा कायदा 1979 चा, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा. तो पाच माणसांनाही लागू व्हायचा. पण त्यासाठी राज्याची हद्द ओलांडावी लागते. जतची टोळी कर्नाटकात गेली तर ती स्थलांतरित, आणि बीडची टोळी काहीशे किलोमीटर तुडवत वाळव्यात आली तर ती घरचीच. 2020 च्या कामगार संहितेत हे दोन्ही कायदे सामावून घेतले, पण कंत्राटदाराच्या परवान्यासाठी आकडा 50 चाच ठेवला आणि राज्याच्या आतल्या आत फिरणाऱ्या मजुराला स्थलांतरित मानलं नाही.

तिसरा कायदा सगळ्यात महत्त्वाचा, 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा. कर्ज किंवा आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि असं कर्जच रद्द ठरतं. आता विचार करा. उद्या सरकारने मुकादमाला परवाना दिला, उचलीची नोंद सरकारी रजिस्टरात केली, आणि टोळी पळाली तर वसुलीला सरकारी यंत्रणा दिली. मग आपण काय केलं? 1976 मध्ये जे बेकायदा ठरवलं, त्यावर शिक्का मारून दिला. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

मुकादमाला खलनायक करायची आमची इच्छा नाही. तो बहुतेक वेळा त्याच गावचा, त्याच जातीपातीचा, कधीकाळी स्वतः कोयता चालवलेला माणूस असतो. टोळीतलं एखादं जोडपं दुसरीकडे गेलं तर वाहनमालक त्याला धरतो. पैशासाठी मुकादमाला, कधी मजुरालाही, उचलून नेऊन डांबून ठेवल्याच्या बातम्या आपण वाचतो. वाहनमालक तरी काय करणार, त्याच्यामागे बँक लागलेली असते. सगळे एकमेकांना धरून आहेत. या साखळीतला एकच जण कधी अडकत नाही: ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तो.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये शेतीला हंगामी मजूर पुरवणाऱ्याला गँगमास्टर म्हणतात. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री मोरकॅम्बच्या उपसागरात शिंपले वेचणारे किमान 21 चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले. त्याच वर्षी तिथे गँगमास्टर परवाना कायदा झाला. शेती, शिंपले वेचणं, अन्नप्रक्रिया आणि पॅकिंग या कामांना माणसं पुरवायची तर परवाना सक्तीचा. पण त्यातलं एक कलम आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. बिनपरवाना गँगमास्टरकडून माणसं घेणारा शेतमालक किंवा कंपनीसुद्धा गुन्हेगार ठरते. म्हणजे परवाना फक्त पुरवणाऱ्याच्या गळ्यात नाही, वापरणाऱ्याच्याही गळ्यात. आपल्याकडच्या चर्चेत नेमकं हेच कलम गायब असतं.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? इथून पाटण किती लांब आहे? त्या तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याचे अण्णासाहेब पाटील. पाटण-जावळीच्या डोंगरातून मुंबईला गेलेल्या, पाठीवर पोती वाहणाऱ्या आपल्याच माणसांना त्यांनी संघटित केलं आणि 1969 चा माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने काय केलं ते नीट बघण्यासारखं आहे. त्याने मुकादमाला परवाना दिला नाही. त्याने मंडळ काढलं. मालकाची नोंदणी, कामगाराची नोंदणी, मजुरी मंडळाकडे भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना. टोळी राहिली. मुकादम हा शब्दही राहिला. पण पैसा त्याच्या हातातून गेला, आणि तो ठेकेदाराचा टोळीप्रमुख झाला.

म्हणजे साताऱ्याचा माणूस पोट भरायला मुंबईला गेला तेव्हा त्याला कायदा मिळाला. बीडचा माणूस पोट भरायला साताऱ्याला येतो तेव्हा त्याला उचल मिळते. ही गोष्ट आपल्याला टोचायला हवी. कामाचा हक्क देणारी रोजगार हमी योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला कामगारांचं कल्याण शिकवलं, आणि आपल्याच फडात ते लागू करायचं राहून गेलं.

दोन हरकती येतात. एक: माथाडी मंडळांत सगळं आलबेल आहे का? नाही. माथाडीच्या नावाने खंडणी, बोगस नोंदणी, या तक्रारी खऱ्या आहेत. पण ऊसतोडीत एक सोय आहे जी बाजारात नव्हती. इथे प्रत्येक टन काट्यावरून जातो. काम झालं की नाही यावर वाद नाही. काट्याच्या पावतीवर टोळीच्या नंबराशेजारी मजुरांची नावं जोडली, तर मजुरी थेट खात्यात टाकणं अवघड नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. उचल बंद केली तर टोळ्या येणारच नाहीत. बरोबर आहे. आषाढ-श्रावणात घरात दाणा नसतो, मुलीचं लग्न असतं, दवाखाना असतो. फडातल्या एका मावशींना आम्ही हेच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "उचल नको म्हणणारे तुम्ही, पावसाळ्यात आमच्या दारी याल का?" याला उत्तर द्यावंच लागेल. उत्तर असं की उचल राहू दे, पण ती मंडळाने द्यावी, ठरावीक मर्यादेत, नवऱ्याच्या आणि बायकोच्या वेगवेगळ्या खात्यात, आणि हंगाम संपला की बाकी पुढे ओढायची नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहेच. टनामागे 10 रुपये कारखान्यांनी त्यात द्यायचे असंही ठरलं आहे. 2021 पासून ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रांचं कामही सुरू झालं. सांगाडा उभा आहे. पण ओळखपत्र देणारं मंडळ आणि मजुरी देणारं मंडळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेव्हा मुकादमाच्या परवान्याला आमचा पाठिंबा आहे, पण तीन अटींवर. 50 ची मर्यादा काढून एका टोळीलाही परवाना लागू करा. बिनपरवाना टोळीचा ऊस गव्हाणीत घेणाऱ्या कारखान्यावर गुन्हा दाखल करा. आणि मजुरी मुकादमाच्या वहीतून काढून मजुराच्या खात्यात न्या. मुकादमाला त्याचं कमिशन मिळू दे, पण टोळी सांभाळल्याबद्दल, माणसं अडकवल्याबद्दल नाही. यात वाहनमालकाचाही फायदा आहे. त्याने माणसांसाठी लाखो रुपये अंगावर घ्यायचे कारणच उरणार नाही. तो वाहतूक करील आणि वाहतुकीचे पैसे घेईल.

या तीन अटी गाळल्या तर परवाना म्हणजे मुकादमाच्या भिंतीवर लावायची एक चौकट होईल. तो ती जोडप्याला दाखवून म्हणेल, "बघा, आता सरकारही माझ्या बाजूने आहे." आणि ते खोटं नसेल.

यंदा आपल्या शेतात टोळी येईल, तेव्हा खुशाली किती द्यायची यावर आपण घासाघीस करू. ती जरूर करा. पण त्याआधी एकदा विचारा, अंगावर बाकी किती आहे, आणि ती कुठल्या सालापासूनची. उत्तर ऐकून मग परवान्याच्या मागणीवर सही करायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.