माध्यमिक शाळांच्या निकालांची तुलना : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : जयसिंगपूर शहर)

प्रस्तावना : राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ वसविलेले जयसिंगपूर हे शिरोळ तालुक्यातील प्रमुख व्यापारी व शैक्षणिक केंद्र होय. उदगाव, चिपरी यांसारख्या लगतच्या गावांतील विद्यार्थीही येथील माध्यमिक शाळांत येतात. दहावीचा निकाल लागला की शाळाशाळांसमोर टक्केवारीचे फलक झळकतात आणि पालक त्यावरून शाळांचा दर्जा ठरवितात. या तुलनापद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टक्केवारीची अस्थिरता : राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. 2019 मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण बंद होताच तो 77.10 टक्क्यांवर आला. हे गुण पूर्ववत होताच 2020 मध्ये तो 95.30 टक्के झाला. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल 99.95 टक्के लागला. एवढ्या अल्पावधीत अध्यापनाचा दर्जा इतका खालीवर होणे संभवत नाही. बदलले ते मापन. म्हणून एकाच शाळेच्या दोन वर्षांच्या निकालांवरून प्रगती वा अधोगती ठरविणे धोक्याचे आहे.

छेदाचा प्रश्न : एकाच वर्षीच्या दोन शाळांची तुलनाही निर्दोष ठरत नाही. उदाहरणादाखल 'अ' व 'ब' या दोन काल्पनिक शाळा घेऊ. दोहोंच्या नववीत प्रत्येकी 100 विद्यार्थी आहेत. 'अ' शाळेने 20 कच्च्या विद्यार्थ्यांना नववीतच थांबविले किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरण्यास सुचविले. उरलेल्या 80 पैकी 78 उत्तीर्ण झाले, निकाल 97.5 टक्के. 'ब' शाळेने सर्वांना परीक्षेस बसविले व 90 उत्तीर्ण झाले. निकाल 90 टक्के. फलकावर 'अ' शाळा श्रेष्ठ ठरते. परंतु नववीच्या पटाशी तुलना करता 'अ'ने 78, तर 'ब'ने 90 विद्यार्थी दहावीपार नेलेले दिसतात.

परिणाम : ही चूक केवळ गणिती नाही. फलक पाहून पालक 'ब' शाळेकडे पाठ फिरवितात. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकांची पदे कमी होतात आणि ती अनुदानित शाळा अधिकच दुर्बल होते. ऊसतोड मजुराचे, यंत्रमाग कामगाराचे किंवा 2019 व 2021 च्या महापुरात घर गमावलेल्या कुटुंबाचे मूल सांभाळणारी शाळाच अशा रीतीने दंडित होते. उलट, असे मूल दारातूनच परत पाठविणे फलकाच्या दृष्टीने लाभाचे ठरते.

निष्कर्ष : केवळ टक्केवारीऐवजी नववीचा पट, त्यातून दहावीस नियमितपणे बसलेले विद्यार्थी, उत्तीर्णांची संख्या व अकरावी वा तंत्रशिक्षणात पोहोचलेल्यांचे प्रमाण ही चार माहिती एकत्र मांडल्यास तुलना अधिक न्याय्य होईल. यांतील बहुतेक माहिती शाळांच्या दप्तरी उपलब्ध असते. पालकांची सामाजिक-आर्थिक स्थिती तिच्या जोडीला विचारात घ्यावी लागेल. 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची दखल घेणारी ती दृष्टी होती. त्याच महाराजांनी वसविलेल्या नगरातील निकालफलकांत मात्र वगळलेल्या मुलांचा रकानाच नसतो. तो असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.