बंगालचा दुष्काळ बुरशीने आणला का?

वनस्पतिरोगशास्त्राच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच एक यादी असते: आयर्लंडमधील बटाट्यावरचा करपा, श्रीलंकेतील कॉफीवरचा तांबेरा आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ. दुष्काळापुढे कारण लिहिलेले असते, 'भातावरील तपकिरी ठिपक्यांचा रोग'. या विधानाचा मुख्य आधार म्हणजे एस. वाय. पद्मनाभन यांचा १९७३ चा लेख. तो मुळातून तपासायला हवा.

लेखाची जमेची बाजू मोठी आहे. केवळ बुरशी असून रोगाची साथ येत नाही. बळी पडणारे पीक आणि अनुकूल हवामान यांचीही गाठ पडावी लागते. १९४२ मध्ये भात फुलोऱ्यावर असताना ढगाळ, दमट हवेमुळे ही गाठ कशी पडली, हे पद्मनाभन उत्तम दाखवतात. चिनसुरा व बांकुरा येथील संशोधन केंद्रांवरचे १९४१ आणि १९४२ चे उत्पादन ते शेजारी शेजारी मांडतात. काही वाणांत घट ९० टक्क्यांच्या घरात जाते.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. दोन केंद्रांवरच्या शेतांवरून अख्ख्या प्रांताचे पीक ठरवता येईल का? तुलनाही एकाच वर्षाशी आहे. शिवाय ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले होते. ते नुकसान बुरशीच्या नावावर घालता येणार नाही.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सरकारी आकडे तपासले. १९४३ चा तांदळाचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी, आणि १९४१ पेक्षा १३ टक्के जास्त होता. तरी १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. मात्र हे पीक-अंदाजच विश्वासार्ह नाहीत, रोगाने खरी घट बरीच झाली असावी, असा आक्षेप इतिहासकार मार्क टॉगर यांनी २००३ मध्ये घेतला. म्हणजे घट नेमकी किती, हा वाद मिटलेला नाही.

पण घट मोठी धरली तरी एक प्रश्न उरतोच. शेतमजूर आणि कोळी उपासमारीने मेले. कलकत्त्याच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र स्वस्त धान्य मिळत होते. बुरशी असा भेद करत नाही. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, भाव भडकले, नदीकाठच्या नावा सरकारने काढून घेतल्या. यांतले काहीही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे नाही. लाखो मृत्यूंचे कारण एका लॅटिन नावात बसवले, की माणसांची जबाबदारी आपोआप पुसली जाते.

वर्गात हा विषय शिकवताना पद्मनाभन यांचा लेख जरूर सांगावा. फक्त विद्यार्थ्यांना दोन प्रश्न वेगळे करायला लावावेत: पीक कशाने गेले? आणि माणसे कशाने मेली? पहिल्याचे उत्तर आपल्या शास्त्राने द्यायचे आहे. दुसऱ्याचे उत्तर ते एकटे देऊ शकत नाही, हेही आपल्या पुस्तकांत छापलेले असावे.